रस्ता जातो कुठं

आमच्याकडं माणूस पिशवी घेऊन फाट्यावर उभा दिसला की भेटेल तो विचारतो, "काय काम काढलं?" प्रवासाला काम लागतं. लग्न, मयत, दवाखाना, कोर्ट, बाजार आणि देव, एवढीच ती कामं. त्याच्याबाहेर शेतकरी एसटीत चढत नाही. माझी पासष्टी उलटली. तेवढ्या वर्षांत तुळजापूर झालं, पंढरपूर झालं, परळी, गंगाखेड, नांदेडचा गुरुद्वारा झाला. येळवशीच्या तोंडावर भरणारी माळेगावची जत्रा तर लहानपणापासून चुकवली नाही. धाकट्याकडं पुण्याला दोनदा गेलो, एकदा त्याच्या घरभरणीला, एकदा लेकराच्या बारशाला. आमच्या कारभारणीचं फिरणं तर याच्या निम्मंही नाही. नुसतं बघायला म्हणून आम्ही दोघं कधी कुठं गेलो नव्हतो.

म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात ती बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाली, "आवं, ह्यो रस्ता जातो कुठं त्ये तरी एकदा बगून येऊ," तेव्हा मला आधी ती काय म्हणते तेच उमगलं नाही.

ह्यो रस्ता म्हणजे आमच्या शेताला लागून जाणारा महामार्ग. आमचं गाव चाकूर तालुक्यात. कागदावर ह्या रस्त्याचा नंबर ३६१. नागपूरकडून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा असं करत तो तुळजापूरला येतो. तिथून सोलापूरपर्यंत त्याला ५२ म्हणायचं, आणि सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट उतरून रत्नागिरीपर्यंत १६६. नंबर तीन, पण आमच्या तोंडात नाव एकच, नागपूर-रत्नागिरी रस्ता.

माझ्या लहानपणी तो एवढा अरुंद होता की समोरून बैलगाडी आली तर ट्रकला चाक खाली उतरवावं लागायचं. कडेनं बाभळी आणि लिंब. त्याला लागून आमच्या बांधावर मायनं लावलेली पाच आंब्याची झाडं होती. शेप्या, गोटी, खोबऱ्या, साखऱ्या आणि एक बिननावाचं, नुसतं आंबट. माय दुपारची भाकर त्या सावलीतच खायची. ट्रक गेला की विचारायची, "ह्ये कुठं जात आसतील रं?" मी शाळेत शिकलेलं सांगायचो, "रत्नागिरीला. समुद्रापाशी." मग ती विचारायची, "त्यो काय गंगंपेक्षा मोठा आसतो व्हय?" नांदेडला भरून वाहणारी गोदावरी तिनं बघितली होती. त्याहून जास्त पाणी तिनं मरेपर्यंत बघितलं नाही.

रस्ता चौपदरी झाला तेव्हा आमचं पावणेदोन एकर त्यात गेलं आणि पाचही झाडं गेली. मावेजा मिळाला. त्यातून बोअर झालं, थोरल्यानं जुनी बोलेरो घेतली, उरले ते बँकेत ठेवले. रस्ता नको होता असं मी म्हणणार नाही. लातूरच्या दवाखान्यात पोचायला आधी दीड तास लागायचा, आता पाऊण लागतो. आडल्या बाळंतिणीला त्या पाऊण तासाची किंमत विचारा. पण कारभारणीचं म्हणणं वेगळंच होतं. "आपली झाडं घिऊन गेला ह्यो रस्ता. गेला कुठं, ती जागा तर बगू."

त्यातच डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याच्या वाट्या बदलायला सांगितल्या होत्या. वर्षभर ढकलता येईल, म्हणाले. गाडीत बसून जायला हरकत नाही, पायऱ्या टाळा. ती म्हणाली, "मग आप्रेशनच्या आधीच जाऊ. पुढचं कुणी बगितलंय?"

झालं, ठरलं. पण ठरवणं आणि दिवस काढणं ह्यात लई अंतर आहे. नोकरदाराला रजा मागायला साहेब तरी असतो. शेतकऱ्याला रजा मागावी असं कुणीच नाही, म्हणून ती मिळतही नाही.

थोरला म्हणाला, मे महिन्यात जाऊ. लेकरांना सुट्ट्या असतात, हापूस खायला मिळंल. पण मे म्हणजे आमच्याकडं शेणखत, मोगडा, पाळी आणि रोज एक लग्न. आणि कोकणातल्या मेच्या घामाला आमचं कोरड्या उन्हाचं अंग सोसत नाही. कारभारीण म्हणाली, येळवस झाली की जानेवारीत. पण तेव्हा तुरीची रास असते आणि हरभऱ्याला पाणी. त्यात मोटारीला लाईट रात्रीची. पाच रात्री कोण जागणार? आणि मला जायचं होतं पावसात. माझं हे मत कुणालाच पटलं नाही. जुलैत आमची खुरपणी आणि फवारणी असते, आणि कोकणात त्या दिवसांत काय होतं ते २०२१ साली चिपळूण बुडालं तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. घाटात दरड कोसळली तर मधेच अडकून पडायचं.

शेवटी दिवस काढले नातीनं. ती नववीला आहे. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं. त्या साली अनंत चतुर्दशी आणि आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकाच तारखेला, १७ सप्टेंबरला होते. घटस्थापना ३ ऑक्टोबरला. मधले दिवस पितरांचे. त्यावर तिनं बोट ठेवलं. मी हिशेब करून बघितला. मूग, उडीद तोवर घरात आलेला असतो. सोयाबीनची शेवटची फवारणी झालेली असते, शेंगा भरून पानं पिवळी पडायला लागलेली असतात, पण काढणीला अजून अवकाश असतो. कोकणात गणपतीला आलेले मुंबईकर परत गेलेले असतात. एकदा घट बसले की तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरून जातो, त्याच्या आत आपण परत. आणि पितरांत लग्न नाही, साखरपुडा नाही, घरभरणी नाही, म्हणजे सोयऱ्याचं बोलावणं नाही. सगळ्या वर्षात तेवढ्याच दिवसांवर कुणाचा हक्क नव्हता.

गावात कळायला वेळ लागला नाही. भावकीतला एक जण पारावर म्हणाला, "पितरांत कुणी फिराया जातंय व्हय? कुठं जालालाव म्हणं?" कारभारणीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "आत्याबाईची तिथ पंचमीची हाय. पान वाढते, कावळा शिवला की निघते. त्यांचंच बगायचं राह्यलंय." त्याच्यावर कुणी काही बोललं नाही.

मला पाऊस का बघायचा होता तेही सांगतो. शाळेत असताना भूगोलात एक शब्द होता, पर्जन्यछाया. नैऋत्येचे ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच मोकळे होतात. पलीकडं येतो तो उरलासुरला. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लातूरला साधारण आठशेच्या आतबाहेर, आणि तोही सारखा पडेल याचा भरवसा नाही. परीक्षेत ह्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. पुढं ५० वर्षं मी त्याच उत्तरात शेती केली. आषाढात पश्चिमेकडं तोंड करून उभं राहायचं, ढग येताना बघायचे आणि ते तसेच कोरडे डोक्यावरून जाताना बघायचे. ज्या डोंगरापाशी आमचा पाऊस उतरून घेतला जातो तो डोंगर एकदा समोरून बघावा, एवढीच माझी हौस.

खर्चाचा कागद थोरल्यानं केला. जाऊन-येऊन हजार-अकराशे किलोमीटर. डिझेलला सात हजार, चार रात्रींच्या खोल्या दहा हजार, टोल आणि वरखर्च धरून तेवीस हजारांवर आकडा गेला. मी तो लगेच सोयाबीनमध्ये मोजला. त्या साली हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात त्याच्यापेक्षा पाचेकशे कमीच मिळत होते. म्हणजे सव्वापाच क्विंटल. एका एकराची जवळपास सगळी रास. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी कारभारीण म्हणाली, "दवाखान्यात गेलं की कुणी क्विंटल मोजतंय का?" मी कागद परत काढला.

पुढच्या अडचणी बायकांच्या होत्या, आणि त्या आम्हा पुरुषांच्या ध्यानातही आल्या नसत्या. सुनेनं विचारलं, "आत्याबाई रस्त्यानं लघवीला कुठं जातील?" तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ही बाई गाडीत बसायच्या आदल्या रात्रीपासून पाणी का पीत नाही. गुडघा धरलेल्या बाईला झाडाआड बसता येत नाही. मग सुनेनं आणि नातीनं मिळून मोबाईलवर रस्त्यातले मोठे पेट्रोल पंप आणि हॉटेलं हुडकली. दर दोन तासांनी थांबायचं, खुर्चीसारखं संडास असेल तिथंच. आमच्या सहलीचा नकाशा आधी असा तयार झाला. देवळं आणि समुद्र त्याच्यात मागाहून बसवले.

सगळ्यात अवघड होती म्हैस. ती कारभारणीशिवाय कुणाला धार काढू देत नाही. दुसरा हात लागला की पान्हा चोरते. सून म्हणाली, "मी ऱ्हाते. मला करू द्या." मग पंधरा दिवस आधीपासून ती सासूचं जुनं लुगडं अंगाला गुंडाळून म्हशीपाशी बसायची. पहिले दोन दिवस म्हशीनं लाथ मारली. पाचव्या दिवशी पातेल्यात तांब्याभर दूध आलं. गोठ्याच्या दारात उभी राहून कारभारीण ते बघत होती. तिला आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

आणि सप्टेंबर लागला तोच पाण्यानं. पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमच्या खालच्या तुकड्यात सोयाबीन गुडघाभर पाण्यात. दोन दिवस मी आणि थोरला खोरं घेऊन चर काढत होतो. जाण्याचं नाव कुणी घेईना. पाणी उतरल्यावर बघितलं, खालचं एकर गेल्यात जमा होतं, वरचं वाचलं होतं. चिखलानं भरलेले पाय धुताना थोरला म्हणाला, "दादा, राहू द्यायचं का औंदा?" मी त्याच्या मायकडं बघितलं. ती म्हणाली, "गेलेलं एकर घरी बसल्यानं येतंय व्हय? पंचनामा होऊ द्या, मग निघू." पंचनामा झाला. पंचमीला पान वाढलं. कावळा लवकर शिवला.

निघालो ते पहाटे चारला. थोरला गाडीवर, आम्ही दोघं आणि नात. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. आमच्याच शेतातून गेलेल्या रस्त्यावर पुढं टोल भरला. नात हसली. मी नाही हसलो.

तुळजापूरला कळसाचं दर्शन घेतलं, पायऱ्या उतरलो नाही. मंगळवेढ्याच्या शिवारात गाडी थांबवायला लावली. तिथली ज्वारी सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पेरणीचे दिवस जवळ आलेले, रानं काळीभोर तयार करून ठेवलेली. दुष्काळात सरकारी कोठारं गोरगरिबांना उघडून देणाऱ्या दामाजीपंतांचं हेच गाव. मी ढेकूळ हातात घेऊन फोडून बघितलं. कारभारीण म्हणाली, "घरी काय माती न्हाई का?"

तिचं थांबायचं ठिकाण वेगळं होतं. मिरज सोडून पुढं अंकलीजवळ कृष्णेचा पूल लागतो. घरून निघतानाच तिनं सांगून ठेवलं होतं, तिथं मला उतरायचंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला प्यायला पाणी नव्हतं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, कृष्णेचं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, त्यांच्यात पाच लाख लिटर पाणी. आमची लेक लातूरला दिली आहे. ती पोटुशी होती, आणि पुढं तीन महिने तिच्या घागरीत तेच पाणी होतं. कारभारणीनं पुलाजवळ खाली बघितलं. नदी दोन्ही काठ भरून गढूळ वाहत होती. तिनं पिशवीतून खण-नारळ काढला, ओटी सोडली आणि हात जोडले. कुठल्या देवळात तिला एवढा वेळ लागला नव्हता.

कोल्हापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाकडं निघालो. मलकापूर सोडलं तसं आभाळ खाली उतरलं. आंब्याला पोचलो तर समोर काहीच दिसेना, सगळं धुकं, आणि त्याच्यातून पाऊस. एक ओढा कड्यावरून पडत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. मी खाली उतरून भिजत उभा राहिलो. नात मला सांगत होती की ह्या माथ्यावरचा थेंब पूर्वेला वळला तर कृष्णेतून जात जात बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि पश्चिमेला घसरला तर काजळी नदीतून लगेच रत्नागिरीच्या समुद्राला. आपली गोदावरीसुद्धा अशीच, त्र्यंबकेश्वरला उगवते तिथून पश्चिमेचा समुद्र जवळ, पण ती त्याच्याकडं पाठ करून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. मी म्हणलं, बरं झालं बाई पाठ केली ते. नाहीतर नांदेडला काय राहिलं असतं? डोंगराचा जो राग मनात धरून आलो होतो तो तिथं उरला नाही. पाऊस अडवतो तोच, आणि आपल्या नद्या भरून खाली सोडतो तोही तोच.

घाट उतरून साखरप्याच्या पुढं चहाला थांबलो. तिथंही रस्ता चौपदरी करायचं काम चाललेलं, लाल चिखल, कापलेल्या टेकड्या. टपरीवाली बाई कारभारणीच्याच वयाची. दोघींची बोली निराळी, पहिली दोन वाक्यं एकमेकींना कळलीच नाहीत. मग तिनं बोटानं दाखवलं. समोर जिथं पोकलेन उभा होता तिथं तिचे दोन फणस आणि काजूची झाडं होती. कारभारीण म्हणाली, "आमचे पाच आंबे." त्या बाईनं विचारलं, "कलमी की रायवळ?" "गावरान," ही म्हणाली. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या, कुठलं फळ कसं होतं, लोणच्याला कुठलं चालायचं. निघताना त्या बाईनं चहाचे पैसे घेतले नाहीत. हिनं तिला शेंगदाण्याची चटणी दिली.

दुपारी रत्नागिरी. हा रस्ता मिऱ्याला जाऊन संपतो. ह्या गावात दोन समुद्र म्हणतात, मांडवीकडं वाळू काळी म्हणून काळा समुद्र आणि मिऱ्याकडं पांढरा समुद्र. आम्ही पांढऱ्या समुद्राला गेलो. थोरल्यानं आणि मी दोन्हीकडून धरून तिला वाळूत नेलं. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, तशी ती घाबरून माझ्या दंडाला लटकली. मग हसली. नंतर कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. नातीनं विचारलं, "आजी, गंगंपेक्षा मोठाय का?" ती म्हणाली, "आत्याबाईला खरं वाटलं नसतं."

तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला गेलो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाली समुद्र, असा रस्ता मी चित्रातही बघितला नव्हता. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघितलं, मॅट्रिकच्या पुस्तकातला माणूस ह्या माडांत जन्मला हे बघून बरं वाटलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला घरी.

आता पवनारहून पत्रादेवीपर्यंत, आमच्या नांदेड-लातूरवरूनच, शक्तिपीठ महामार्ग आखलाय. पहिल्या आखणीत तो ८०२ किलोमीटरचा, १२ जिल्ह्यांतून जाणारा होता. जमिनी जाणाऱ्यांचे मोर्चे निघतायत. त्यात कुणाच्या बांधावर काय आहे ते मोजणीच्या नकाशात दिसत नाही, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो. रस्ता झाला तर होवो. पण ज्याची जमीन घेता, त्याला त्या रस्त्यानं एकदा तरी बिनकामाचं जाता येईल एवढं त्याच्या हातात राहू द्या.

कारभारणीचं आप्रेशन त्या दिवाळीनंतर झालं. ती आता काठी घेऊन गोठ्यापर्यंत जाते, पण खाली बसता येत नाही. धार सूनच काढते, लुगडं न गुंडाळता. म्हैस रवंथ करत उभी राहते. परवा सून म्हणाली, "मामा, पितरं कधी हायत औंदा?" मी कॅलेंडर काढून तिच्या हातात दिलं. तेवढ्या चार दिवसांसाठी मी धार काढायला शिकतोय. अजून लाथ बसतेच, पण कालच्याला तांब्याभर आलं.